बीएस-६ डिझेल पिकअप: नाशिकच्या भाड्यांत डीपीएफ, युरिया आणि दिव्यांशी जमवून कसं घ्यायचं

बीएस-६, म्हणजे प्रदूषणाचे २०२० पासूनचे कडक नियम पाळणाऱ्या पिकअपचं खरं वाकडं रांगेशी आहे. घाटाशी नाही आणि लोडशी तर मुळीच नाही. भरलेली गाडी कसारा चढून येते तेव्हा तिचा एक्झॉस्ट चांगला तापतो आणि डीपीएफ या धुराच्या गाळणीत साठलेली काजळी आपोआप जळत जाते. याउलट पिंपळगावला टोमॅटोच्या हंगामात इंजिन चालू ठेवून वीत-वीत पुढे सरकणारी, लासलगावला लिलावाच्या ओळीत उभी राहणारी आणि मग जवळच्याच खळ्यावर कांदा उतरवून बंद होणारी गाडी काही आठवड्यांत पिवळा दिवा दाखवते. मग ‘नव्या गाड्यांत काही राम नाही’ हे ठरलेलं वाक्य ऐकू येतं. बहुतेक वेळा गाडी ठीकच असते, फक्त तिला आपण जुन्या पिकअपसारखं वापरत असतो. खाली दिलेल्या पायऱ्या शेतमाल आणि एमआयडीसीचा माल वाहणाऱ्यांसाठी आहेत. ज्याची गाडी रोज मुंबई करते त्याला यातलं निम्मं लागणारही नाही.

काय बदललं, ते थोडक्यात

देशभर बीएस-४ लागू झालं १ एप्रिल २०१७ ला आणि बीएस-६ लागू झालं १ एप्रिल २०२० ला. बीएस-५ सरळ गाळलं. साडेतीन टनांच्या आतल्या मालवाहू गाड्यांमध्ये जो सर्वांत वजनदार गट आहे, त्याच्या डिझेल गाड्यांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे ०.३९ ग्रॅमवरून ०.१२५ ग्रॅमवर आली आणि कणांची ०.०६ वरून ०.००४५ ग्रॅमवर. काजळी तेरापटीने कमी करायची, तर नुसती इंजिनाची ट्यूनिंग सुधारून भागत नाही. ती अडवायला गाळणी लागते. पंपावरच्या डिझेलमधलं गंधकही त्याच वेळी दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आणलं गेलं, कारण गंधक जास्त असेल तर ही यंत्रणा खराब होते. १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा आला. त्यात प्रत्यक्ष रस्त्यावरचं प्रदूषण मोजणं आलं आणि गाडीने स्वतःची यंत्रणा सतत तपासत राहणंही आलं. म्हणून २०२३ नंतरची गाडी दिवे जरा लवकर लावते, त्याला घाबरायचं कारण नाही.

पहिली पायरी: आपल्या गाडीत काय बसवलंय ते बघा

डिझेलच्या झाकणाच्या आसपास निळं झाकण आहे का? असेल तर तुमच्या गाडीत एससीआर आहे, म्हणजे तिला युरियाचं द्रावण लागतं. निळं झाकण कुठेच नसेल, तर नायट्रोजन ऑक्साइडचा बंदोबस्त ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणं) आणि लीन नॉक्स ट्रॅप (नायट्रोजन ऑक्साइड धरून ठेवणारा कॅटॅलिस्ट) अशा दुसऱ्या मार्गाने केलेला असतो. डीपीएफ मात्र जवळपास सगळ्यांनाच आहे. बोलेरो पिकअप, योद्धा, इंट्रा, दोस्त अशी नावं घेऊन ‘अमक्यात हे असतं, तमक्यात ते असतं’ असं नाक्यावर सांगितलं जातं, त्यावर जाऊ नका. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार आणि इंजिनानुसार फरक असतो. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक डॅशबोर्डच्या खणात प्लॅस्टिकसकट पडलेलं असतं. त्यातली तीनच पानं वाचा: दिव्यांचं पान, ऑइलच्या ग्रेडचं पान आणि डीपीएफचं पान. दिव्यांच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ड्रायव्हरला पाठवून ठेवा.

धुराची वाट साधारण अशी असते. काही धूर ईजीआरमधून परत इंजिनात जातो, त्याने जळणाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतो. बाकीचा धूर टर्बोनंतर डीओसी या डब्यात जातो, तिथे न जळलेलं डिझेल आणि कार्बन मोनॉक्साइड यांचा निकाल लागतो. पुढे डीपीएफ. ही बारीक नळ्यांची सिरॅमिकची जाळी असते, नळ्या आलटून पालटून एका टोकाला बुजवलेल्या. धुराला सच्छिद्र भिंतीतून पलीकडे जावं लागतं आणि काजळी अलीकडे अडकते. एससीआर असेल तर त्याच्या पुढे युरियाचा फवारा.

दुसरी पायरी: ‘जाळणं’ समजून घ्या

हे एवढं नीट समजलं की बाकीचा लेख नाही वाचला तरी चालेल.

डीपीएफमध्ये काजळी साठत जाते आणि ती दोन प्रकारे जळते. गाडी लोड घेऊन सलग पळत असेल, तर गरम धुरातच ती हळूहळू जळते. तुम्हाला काही करावं लागत नाही, कळतही नाही. तेवढ्याने भागलं नाही की इसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्वतः काम हाती घेतो. डीपीएफच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक एक सेन्सर मोजत असतो. त्यावरून आणि गाडी कशी चालली आहे यावरून काजळी किती झाली याचा हिशेब ठेवला जातो. ठरलेली पातळी आली की इंजेक्टर थोडं डिझेल उशिराने सोडतात, ते डीओसीत जळतं आणि डीपीएफचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं. पंधरा-वीस मिनिटांत काजळी जळून जाते. यालाच रिजनरेशन म्हणतात. आपल्याकडचे ड्रायव्हर ‘गाडी जाळायला लागली’ असं म्हणतात, आणि मला तेच बरं वाटतं.

हे चालू असताना गाडीचा स्वभाव बदलतो. उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीपेक्षा शे-दोनशेने वर राहतो, फॅन उगाच फिरतो, आवाज थोडा जड होतो, ॲव्हरेज पडतं आणि गाडीखालून तापलेल्या लोखंडासारखा वास येतो. नव्या ड्रायव्हरला वाटतं गाडी गरम झाली, आणि तो चटकन इंजिन बंद करतो. तिथेच घोळ होतो. जाळणं अर्धवट राहतं आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. शिवाय उशिरा सोडलेल्या डिझेलपैकी काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. असं वारंवार झालं की डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. ऑइल कमी झालं तर कुणीही काळजी करतो, पण ते वाढलेलं बघून ‘बरंय, खात नाही’ म्हणून आनंद मानणारे मी बघितलेत. पातळी वरच्या खुणेपार गेली असेल आणि बोटाला डिझेलचा वास येत असेल, तर त्या ऑइलवर गाडी पळवू नका, ते बदला.

एक धोका या भागात खास आहे. जाळणं चालू असताना किंवा नुकतंच संपल्यावर गाडीच्या पोटाखालचा डबा भयंकर तापलेला असतो. निफाडकडे उसाच्या पाचटावर, दिंडोरीला बागेच्या बांधावरच्या वाळक्या गवतावर किंवा खळ्यावर सांडलेल्या पेंढ्यावर अशी गाडी उभी करू नका. द्राक्षाच्या काढणीचे दिवस आणि गवत वाळलेलं असण्याचे दिवस एकच. मोकळ्या मातीवर किंवा डांबरावर लावा आणि शेतमालकाने ‘आत घ्या, सावलीत’ म्हटलं तरी आधी खाली वाकून बघा.

तिसरी पायरी: आठवड्याच्या फेऱ्यांत एक ‘गरम फेरी’ बसवा

सलग वीसेक मिनिटं, ताशी ५० ते ६० किलोमीटर, इंजिन दोन हजार आरपीएमच्या वर. एवढंच लागतं. नाशिकमध्ये यासाठी वेगळं डिझेल जाळायची गरज नाही, फक्त आधीच आखणी हवी. पिंपळगावला माल देऊन नाशिकला रिकामी येताना महामार्गावरचे साधारण ३० किलोमीटर पुरतात. ओझरला चहाला थांबायची सवय असेल तर त्या दिवशी चहा पिंपळगावातच घ्या. सिन्नरचं भाडं असेल तर नाशिक रोडची गर्दी संपल्यानंतरचा पट्टा चांगला. मुंबईकडे जाताना पाथर्डी फाटा सुटला की गोंदे, घोटी, इगतपुरी हा टप्पा उत्तम आहे.

गिअरकडे लक्ष द्या. ‘टॉपला टाकली की डिझेल वाचतं’ हे खरं असलं तरी रिकामी पिकअप पाचव्या गिअरमध्ये चौदाशे-पंधराशेवर रेंगाळली तर धूर पुरेसा तापत नाही. त्या वीस मिनिटांपुरती चौथ्यात ठेवा.

कसाऱ्याबद्दल एक गैरसमज आहे. घाट म्हणजे गाडी तापणार, असं लोक धरून चालतात. मुंबईला जाताना आपण कसारा उतरतो. उतारावर गिअरमध्ये सोडलेल्या गाडीत इंजेक्टर डिझेल जवळपास बंदच करतात आणि एक्झॉस्ट थंड होतो. जाळणं सुरू असेल तर ते इगतपुरीच्या अलीकडे पूर्ण होऊ द्या. परत येताना चढावर प्रश्नच नाही. ५ जून २०२५ पासून समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा खुला झाला आहे. त्यातल्या पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे घाट टळतो आणि एकसारखा वेग मिळतो. डीपीएफच्या दृष्टीने हा रस्ता सोन्यासारखा आहे. टोल परवडतो का, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

दोन गोष्टी जाळणं सुरूच होऊ देत नाहीत, त्या ध्यानात ठेवा. डिझेलचा काटा रिझर्व्हला असेल तर बऱ्याच गाड्या जाळणं टाळतात. ‘दोनशेचं टाक’ करत महिना काढणाऱ्याची गाडी म्हणूनच जास्त तुंबते. पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. आणि चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल तर आधी तो बिघाड काढावा लागतो.

बाजार समितीच्या रांगेत, जाळणं चालू नसेल तर, इंजिन बंद करा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. पुढची गाडी दोन हात सरकली म्हणून लगेच सरकायलाच पाहिजे असं नाही. पाच-सहा गाड्यांची जागा झाली की एकदाच पुढे घ्या.

आणि ज्यांची गाडी सातपूर, अंबड, द्वारका एवढ्यातच फिरते, दिवसाला वीस-पंचवीस थांबे आणि हायवे महिन्यातून एकदा, त्यांनी नवी डिझेल पिकअप घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. सीएनजी किंवा इलेक्ट्रिक बघा. डिझेलच हवं असेल तर गरम फेरीचं डिझेल खर्चात धरा.

चौथी पायरी: दिवा लागला तर

डीपीएफचा पिवळा दिवा लागला आणि गाडीची ताकद तशीच असेल, तर ही सूचना आहे, बिघाड नाही. लगेच गरम फेरी मारा. दिवा विझला की झालं. काही गाड्यांना डॅशबोर्डवर बटण असतं. मोकळ्या जागी उभी करून, न्यूट्रलला टाकून, हँडब्रेक ओढून ते दाबलं की गाडी उभ्या उभ्या जाळते. वेळ लागतो, आणि तोवर मागे कुणी उभं राहू नये.

पिवळ्याबरोबर चेक इंजिनही लागला आणि गाडी पिकअप घेईना, आरपीएम एका मर्यादेपलीकडे जाईना, तर इसीयूने स्वतःला सांभाळायला लगाम घातला आहे. आता पळवून उपयोग नाही, जास्त साठलेली काजळी एकदम पेटली तर जाळी तडकते. स्कॅनर लावून जाळण्याचं काम वर्कशॉपमध्येच करून घ्या. माल नाशवंत असेल तर दुसऱ्या गाडीत घ्या. ढकलत ढकलत वाशी गाठण्याच्या नादात फिल्टर गेला तर बिल पाच आकडी होतं आणि मॉडेलनुसार लाखाच्या घरातही जातं. लाल दिवा म्हणजे बाजूला घेऊन इंजिन बंद.

पाचवी पायरी: युरिया, पण खताचा नाही

निळ्या झाकणातलं द्रावण म्हणजे डीईएफ: ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी. आपल्याकडे घरोघरी युरियाच्या गोण्या असतात, त्यामुळे ‘घरीच कालवू’ हा मोह इथे जास्त. करू नका. २०१५ पासून देशातला खताचा युरिया शंभर टक्के निंबोळी तेल लावूनच येतो. ते तेल, खतातली इतर अशुद्धी आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार फवाऱ्याच्या सुईवर आणि पुढच्या कॅटॅलिस्टवर बसतात. एका गोणीच्या बचतीत अख्खी यंत्रणा जाते. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणं हा गुन्हाही आहे.

खप डिझेलच्या साधारण ३ ते ५ टक्के धरा, म्हणजे १०० लिटर डिझेलमागे तीन ते पाच लिटर. कॅनवर आयएसओ २२२४१ आणि तारीख बघून घ्या. डीईएफ उणे ११ अंशांना गोठतं, त्यामुळे निफाडच्या थंडीची चिंता नाही. चिंता एप्रिल-मेची आहे. पत्र्याच्या शेडमध्ये तापलेला कॅन लवकर खराब होतो. घरात, सावलीत, झाकण घट्ट लावून ठेवा आणि एका वेळी महिन्याभराचाच घ्या. डिझेल किंवा ऑइलची नरसाळी याला वापरू नका, लोखंडी-पितळी भांडंही नको. सांडलं तर पांढरे खडे धरतात, ते साध्या पाण्याने निघतात.

चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं, किंवा डिझेल डीईएफच्या टाकीत, तर चावी फिरवूच नका. टाकी रिकामी करून धुण्यावर भागेल. इंजिन चालू केलं तर पंप, इंजेक्टर सगळ्यांपर्यंत ते पोचतं.

डीईएफची टाकी रिकामी होऊ दिली तर आधी सूचना येते, मग ताकद कमी होते आणि काही गाड्या बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाहीत. आणखी एक: गाडी बंद केल्यावर पंप थोडा वेळ नळीतलं द्रावण टाकीत परत ओढत असतो. बॅटरीचा मेन स्विच लगेच पाडायची सवय असेल तर दोन मिनिटं थांबा.

सहावी पायरी: ऑइल, डिझेल आणि फिटरच्या जुन्या सवयी

काजळी जळते, राख जळत नाही. ही राख येते इंजिन ऑइलमधल्या रसायनांतून आणि डीपीएफमध्ये कायमची बसते. म्हणून कमी राखेचं ऑइल लागतं. पुस्तकात लिहिलेला ग्रेड नुसता ‘१५ डब्ल्यू ४०’ एवढाच वाचू नका, त्यापुढचं एसीईए किंवा एपीआय या ऑइलच्या दर्जाच्या खुणेचं अक्षरही जुळवा. सुटं ऑइल बंद. लाखभर किलोमीटरांनंतर राख साठून जाळण्याची पाळी वारंवार यायला लागते. तेव्हा फिल्टर काढून यंत्रावर साफ करणारे गाठावे लागतात. ॲसिड, रॉकेल आणि गॅसची बत्ती यांनी साफ केलेला फिल्टर काही दिवस चालतो आणि मग कायमचा जातो.

डिझेल नेहमीच्या पंपावरचं. ड्रममध्ये साठवलेलं, किंवा ‘बायोडिझेल’ म्हणून रस्त्याकडेला स्वस्तात मिळणारं तेल या इंजेक्टरांना चालत नाही. डिझेल फिल्टरमधलं पाणी पावसाळ्यात वरचेवर सोडा.

फिटरची एक जुनी सवय मोडावी लागेल. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा. बीएस-६ मध्ये हे केलं की इंजिन ठरलेल्या तापमानाला पोचत नाही आणि जाळणं सुरूच होत नाही. मग लोक महिनोन्‌महिने सेन्सर बदलत बसतात. गाडी तुमच्याकडे येण्यापूर्वी कुणी तो काढला आहे का, हे आधी बघा.

दुसरी सवय आपलीच. बागेतून आल्या आल्या एचटीपी पंपाने गाडी धुवायची. तापलेल्या डब्यावर आणि नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइड) सेन्सरवर गार पाण्याचा झोत बसला तर आतलं सिरॅमिक तडकतं. गाडी गार होऊ द्या आणि सेन्सरच्या बाजूला झोत नकोच.

डीपीएफ बदला असं कुणी सांगितलं, तर त्याआधी स्वस्तातल्या गोष्टी तपासायला लावा. दाबाच्या सेन्सरला जाणाऱ्या दोन बारीक नळ्या फुटल्या किंवा तुंबल्या आहेत का? टर्बो आणि इंटरकूलरच्या होसला चीर आहे का? हवा कमी पडली की काजळी वाढणारच. ईजीआरचा व्हॉल्व्ह अडकलाय का? एखादा इंजेक्टर गळतोय का? आणि वायरी उंदरांनी कुरतडल्यात का? कांद्याच्या चाळीजवळ गाडी लावणाऱ्यांना हे सांगायला नको.

सातवी पायरी: ‘काढून टाका ना’

डीपीएफ पोकळ करून, इसीयूचं सॉफ्टवेअर बदलून देणारे सगळीकडे आहेत. गाडी हलकी पळते, हे खरं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या रचनेत असा बदल करता येत नाही आणि कलम १८२ अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी संपते. सॉफ्टवेअर धड नसेल तर टर्बो आणि इंजेक्टरवर ताण येतो. आणि तो धूर आपल्याच गल्लीत, आपल्याच बागेवर.

जुनी बीएस-६ घेताना

बाजारात आता चार-पाच वर्षं चाललेल्या बीएस-६ पिकअप बऱ्याच येतात. रंग आणि टायर नंतर बघा. आधी गार गाडीच्या सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर बोट जवळपास स्वच्छ येतं, काळंभोर आलं तर जाळी फुटलेली आहे किंवा काढलेली आहे. मग खाली झोपून डब्याला नवं वेल्डिंग दिसतं का ते बघा. चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करण्यापूर्वी, सगळे दिवे एकदा लागून विझायला हवेत. चेक इंजिनचा दिवा लागतच नसेल तर तो कुणीतरी मारलेला आहे. शेवटी स्कॅनर लावून तीन आकडे काढून घ्या: काजळी किती, शेवटचं जाळणं किती किलोमीटरपूर्वी झालं, आणि दोन जाळण्यांमध्ये सरासरी अंतर किती. हे अंतर शंभर-दीडशे किलोमीटरवर आलेलं असेल, तर गाडी रांगेतच वाढलेली आहे किंवा फिल्टर राखेने भरत आलाय, आणि किंमत त्या हिशेबाने खाली आणायची. स्कॅनर लावू द्यायला विकणारा नाही म्हणाला, तर पुढची गाडी बघा.